तिथि पाहून समुद्रावर

येरवड्यासारख्या ठिकाणीं सारा जन्म काढलेल्या शाळामास्तरानें समुद्राविषयीं बोलावें, ह्याचें आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. आमच्या वाट्यास आलेलें पाणी मुळामुठेचें. बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशीं तें क्षणभर अडखळतें आणि पूर्वेकडे तोंड करून पुन्हां चालूं लागतें. पुढें तें भीमेस मिळतें, भीमा कृष्णेस मिळते, आणि कृष्णा आंध्रांत जाऊन बंगालच्या उपसागरांत रिती होते. पश्चिमेचा समुद्र येरवड्याहून सरळ रेषेनें मोजला तर शंभर किलोमीटरांच्या आसपास. परंतु आमच्या नदीनें त्याच्याकडे पाठ फिरविली आहे. वर्गाच्या भिंतीवर नकाशा टांगून ही गोष्ट मीं मुलांना कितीदां तरी सांगितली असेल. मधली सह्याद्रीची भिंत दाखवावयाची, पलीकडची कोंकणची चिंचोळी पट्टी दाखवावयाची आणि निळ्या रंगावर काठी टेंकून म्हणावयाचें, "हा अरबी समुद्र." त्या निळ्या रंगाची कड दिवसांतून दोनदां पुढें येते आणि दोनदां मागें जाते, हेंही मी शिकवीत होतों, पण मला तें खरोखर ठाऊक नव्हतें. तें मला कसें कळलें, आणि कळल्यावर समुद्रकिनारा पाहण्याची माझी रीत कशी पालटली, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

सुटी लागली कीं पुण्यांतील कितीएक बिऱ्हाडें हल्लीं ताम्हिणी घाटानें खालीं उतरतात. माणगांव, म्हसळा करून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हीं ठिकाणें करावयाचीं. आणि ज्यांच्या हाताशीं आणखी एक दिवस असेल त्यांनीं बाणकोटची खाडी ओलांडून वेळासपर्यंत जावयाचें, असा बहुधा बेत असतो. परत आलेल्यांस मी हटकून विचारतों, काय पाहिलें? सूर्यास्त सर्वांनीं पाहिलेला असतो. त्यापुढें मात्र उत्तरें जुळत नाहींत. एक गृहस्थ म्हणतात, "समुद्र फार दूर गेला होता हो, नुसती ओली वाळू आणि खडक." दुसरे म्हणतात, "छे, पाणी इतकें वर आलेलें कीं बसावयास जागा नव्हती." दोघेही एकाच गांवीं, एकाच घरीं उतरलेले असतात. दोघांचेंही म्हणणें खरें असतें. फरक असतो तो तिथीचा आणि घड्याळाचा. आणि निघतांना दोघांपैकीं एकानेंही भिंतीवरच्या कालनिर्णयांत सुट्टीच्या तांबड्या अंकाखेरीज दुसरें कांहीं पाहिलेलें नसतें.

ह्यांत मला हंसण्याचा अधिकार नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी तेव्हां वरच्या वर्गांना भूगोल आणि गणित शिकवीत असें. पौष महिन्यांत सातवीच्या चाळीस मुलांना घेऊन आम्ही दोघे शिक्षक हरिहरेश्वरास सहलीला गेलों. त्या मुलांपैकीं बहुतेकांनीं समुद्र पूर्वीं पाहिलेला नव्हता. रात्रीं पोंचलों तेव्हां पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर आला होता, आणि पाण्यावरचें तें चांदणें मीं मुलांना मुद्दाम बाहेर बोलावून दाखविलें. सकाळीं साडेसहा-सातच्या सुमारास वाळूवर गेलों, तों पाणी पार मागें हटलेलें. मुलें त्या ओल्या मैदानावर वाटेल तशीं धांवलीं. मग धर्मशाळेंत येऊन पोहे झाले, आवराआवर झाली आणि नऊ वाजतां आम्ही देवळाच्या प्रदक्षिणेस निघालों.

ज्यांनीं ती प्रदक्षिणा केली नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतों. देवळामागून वाट डोंगरावर चढते. मग दोन उभ्या कड्यांमधल्या अरुंद फटींतून पायऱ्यांनीं ती एकदम समुद्राकडे खालीं उतरते, आणि तेथून पुढें कड्याच्या पायथ्याशीं लाटांनीं कोरून सपाट केलेल्या खडकांवरून वळसा घालून देवळापाशीं परत येते. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस समुद्र. पाणी ओसरलेलें असतां ही वाट रुंद ओटीसारखी मोकळी असते. पाणी चढलें म्हणजे ती वाटच उरत नाहीं. हल्लीं तेथें धोक्याची सूचना देणारे फलक आहेत. त्या वेळीं असलाच, तर तो मीं वाचला नाहीं. सकाळीं सातला समुद्र दूर पाहिला होता, म्हणून नऊलाही तो दूरच असणार, असें मीं गृहीत धरलें.

निम्मीं मुलें घेऊन माझे सोबती पुढें गेले. मी निम्मीं घेऊन मागून निघालों. खडकांवरचीं डबकीं पाहण्यांत, शिंपले वेंचण्यांत वेळ गेला. प्रथम खडकाच्या कडेला फेस दिसूं लागला. मग मघांशीं कोरडी असलेली एक घळ भरून वाहूं लागली. मी मुलांना परत फिरा म्हणून सांगतों न सांगतों, तों एक लाट गुडघ्यापर्यंत आली. सर्वांत लहान चणीचा एक मुलगा माझ्याजवळ होता. मीं त्याचें मनगट धरलें होतें. तें माझ्या हातून सुटलें. परतणाऱ्या पाण्यानें त्याला चार-पांच हात खालीं ओढलें आणि तो एका खोबणींत अडकला. खडकावर कालवें फोडीत बसलेला एक म्हातारा कोळी हें पाहात होता. तो केव्हां उठला आणि केव्हां आला हें मला कळलें नाहीं. दुसरी लाट येण्यापूर्वीं त्यानें पोराला बखोटीस धरून वर काढलें. कालवांच्या धारदार कवचांनीं मुलाचे गुडघे आणि कोंपर फाटले होते, एक चप्पल गेली होती. बाकी कांहीं नाहीं. म्हाताऱ्यानें आम्हां सर्वांना पायऱ्यांपर्यंत हांकीत नेलें. पुढें गेलेलीं मुलें पलीकडे सुखरूप पोंचलीं कीं नाहीं, हें कळावयास डोंगरावरून वळसा घालून देवळापर्यंत यावें लागलें. तीं वीस मिनिटें मी अजून विसरलों नाहीं. तीं पोंचलीं होतीं.

म्हातारा रागें भरला नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "गुरुजी, आज तीथ कोणची?"

मला सांगतां आलें नाहीं. आदल्या रात्रीं पूर्ण चंद्र दाखविणाऱ्या मला, आज प्रतिपदा हें सुचलें नाहीं. तो म्हणाला, "काल पुनव झाली. आज पाणी दुपारी पाऊणच्या सुमाराला भरायचं. नऊ वाजतां तें चढणीला लागलेलं असतं. पाणी चढत असतांना ह्या वाटेनं कुणी उतरतं होय?" पुण्यास परतल्यावर मीं त्या मुलाच्या घरीं जाऊन घडलेलें सारें सांगितलें. त्याच्या आईनें मला शब्दानेंही दोष दिला नाहीं, आणि तेंच मला अधिक जड गेलें.

त्या दिवशीं संध्याकाळीं मी त्या म्हाताऱ्यापाशीं जाऊन बसलों. शाळेचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. पण त्याच्यापाशीं जें गणित होतें तें माझ्या पुस्तकांत नव्हतें. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करवीत असत हें आपणांपैकीं वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. भरतीचा हिशेब ह्या पाऊणकीवर बसतो. तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितके वाजतां त्या दिवशीं पाणी पूर्ण भरतें. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळीं सहा आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीस तीन वाजतां. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि अमावास्येसही तेंच; मोठ्या तिथींच्या ह्या भरत्या मध्यान्हीं व मध्यरात्रीं येतात असें ढोबळ मानानें समजावें. प्रतिपदेस बारा वाजून पाऊण तास. शुक्लपक्ष असो वा कृष्णपक्ष, हिशेब एकच. भरतीच्या वेळेंतून सवासहा तास वजा केले कीं आधींची ओहोटी मिळते, मिळविले कीं नंतरची. हा ठोकताळा मुंबईच्या किनाऱ्यास चांगला लागूं पडतो. दक्षिणेस रत्नागिरी, मालवण, गोवा इकडे भरती कांहीं वेळ आधीं येते. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाची तफावत नेहमीं धरावी, आणि नेमकी वेळ त्या गांवच्या कोळ्यांना किंवा छापील भरती-कोष्टकास विचारावी. आतां तर हीं कोष्टकें खिशांतल्या फोनवरही मिळतात. परंतु फोनला विचारण्याची आठवण व्हावी लागते. ती तिथि करून देते.

ह्या पाऊणकीचें कारण पाहिलें तर सोपें आहे. चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरत असल्यामुळें तो रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो. समुद्राचें पाणी मुख्यतः त्याच्या ओढीनें हालतें, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरां येते. आणि पन्नास मिनिटें म्हणजे जवळजवळ पाऊण तासच. अमावास्येस आणि पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका ओळींत आल्यानें दोघांची ओढ एकत्र होते. तेव्हां पाणी फार वर चढतें आणि फार खालीं उतरतें. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींच्या काटकोनांत असते. तेव्हां पाण्याची चढउतर थोडी. त्यास कोळी लोक भांग म्हणतात. सर्वांत मोठें उधाण नेमकें पौर्णिमा-अमावास्येस न येतां बहुधा एक-दोन दिवस मागून येतें. आमची सहल ह्याच दिवशीं होती.

आणखी एक गोष्ट मला खलाशांच्या पुस्तकांतून मागाहून कळली, आणि त्या सकाळीं मी कसा फसलों ह्याचा उलगडा झाला. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीनें चढत नाहीं. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासांत एक भाग चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत पुन्हां एक. म्हणजे प्रथम पाणी हालतच नाहींसें वाटतें, आणि मधल्या दोन तासांत निम्में पाणी चढून जातें. आमच्या दिवशीं ओहोटी सकाळीं साडेसहाच्या पुढेंमागें होती. आम्ही नऊला निघालों, ते नेमके त्या मधल्या दोन तासांत सांपडलों. सातला दिसलेला समुद्र मला स्वस्थ वाटला, कारण तो त्याचा स्वस्थ राहण्याचाच तास होता. हें कोष्टक मीं पुढें निवृत्त होईपर्यंत दर वर्षीं फळ्यावर लिहिलें.

आतां ह्या हिशेबाचा उपयोग केवळ जीव वांचविण्यापुरता आहे असें नाहीं. किनाऱ्यावर जें पाहण्यासारखें आहे त्यांतलें निम्में ओहोटीचें आहे आणि निम्में भरतीचें. वेळ चुकली कीं तें समोर असूनही दिसत नाहीं.

हरिहरेश्वराचाच खडक घ्या. मुलाबाळांसह जाणाऱ्यांस तृतीया-चतुर्थीच्या तिथि सोईच्या. कारण त्या दिवशीं उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो आणि ओहोटी सकाळीं आठ-नऊच्या सुमारास, उन्हें तापण्यापूर्वीं, पडते. गांवकऱ्यांस विचारून, पाणी उतरत असतांनाच खालीं जावें आणि ओहोटी पुरी होतां होतां परत फिरावें. मग त्या कड्याकडे निवांतपणें पाहतां येतें. सह्याद्रि ज्या लाव्हारसाचा झाला त्याच्याच थरांचा हा खडक. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. त्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखीं असंख्य छिद्रें पडलेलीं आहेत. पाहणाऱ्यास वाटतें, लाटांनीं ठोकून ठोकून तीं पाडलीं. वास्तविक तें काम पुष्कळसें मिठाचें आहे. खारें पाणी खडकाच्या बारीक रंध्रांत शिरतें, ऊन लागून सुकतें, आणि मागें राहिलेल्या मिठाचे खडे वाढतां वाढतां दगडाचे कण सुटे करतात. खालच्या डबक्यांत ओहोटीनें मागें राहिलेलें जग असतें: खडकास घट्ट चिकटलेले शिंपले, फुलासारखीं उमललेलीं आणि बोट लागतांच मिटणारीं समुद्रफुलें, शंखाचें घर पाठीवर घेऊन चालणारे खेंकडे, एखादा लहानसा मासा. ह्या डबक्यांशीं दहा मिनिटें उकिडवें बसावें. त्यांतलें कांहीं घरीं आणूं नये. आणलेलें दुसऱ्या दिवशीं घाण मारतें आणि टाकून द्यावें लागतें, हें मी अनुभवानें सांगतों.

दिवेआगर आणि श्रीवर्धन येथें खडक नाहीं, लांबच लांब पुळण आहे. तेथें ओहोटीस ओल्या वाळूवर रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या बारीक वाळूच्या गोळ्या पसरलेल्या दिसतील. नीट पाहिलें तर मध्यें एक भोंक आणि त्याच्याभोंवतीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें गोळ्यांच्या ओळी. हें काम हरभऱ्याएवढ्या खेंकड्यांचें. पाणी ओसरलें कीं ते बाहेर येतात, वाळूचा घांस तोंडांत घेऊन तिला चिकटलेलें अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूस टाकतात. भरती येण्यापूर्वीं ते पुन्हां बिळांत शिरतात, आणि पाणी सारी रांगोळी पुसून टाकतें. दिवसांतून दोनदां हें असेंच चालतें. वाळूवरून मोटारी पळविणाऱ्यांस त्यांतलें कांहीं दिसत नाहीं, कारण त्यांच्या चाकांखालींच तें असतें.

ह्या पुळणीच्या वरच्या अंगास, कोरड्या वाळूवर, जांभळट गुलाबी फुलांची एक वेल पसरलेली असते. पानें आपट्याच्या पानांसारखीं दुभंगलेलीं. तिचें नांव मर्यादवेल. समुद्र आपली मर्यादा ओलांडून हिच्यापलीकडे येत नाहीं, अशी कोंकणांत समजूत आहे. आणि ती बरीचशी खरी आहे, कारण नेहमींची भरती जेथें थांबते तेथूनच ही वेल उगवूं शकते. वाळू वाऱ्यानें उडून जाऊं नये म्हणून ती धरून ठेवण्याचें कामही हीच करते. आपल्या पूर्वजांनीं किती नेमकें पाहिलें आणि किती नेमकें नांव ठेविलें! सतरंजी पसरावयाची झाल्यास ह्या वेलीच्या वर पसरावी, आणि वेल तोडूं नये, एवढें मुलांना सांगितलें तरी एक धडा पुरा झाला.

भरतीचें सौंदर्य पाहावयाचें तर खाडीवर जावें. हरिहरेश्वराजवळ बागमांडल्यास सावित्री नदीची खाडी आहे, आणि तेथून फेरीबोटीनें पलीकडे वेसवीस, बाणकोटच्या बाजूला, जातां येतें. मोटारीसुद्धां त्याच बोटींतून जातात. ही सावित्री महाबळेश्वरची. जेथें कृष्णा उगम पावते तेथेंच सावित्रीही उगम पावते, असें आपण मानतों. एक बहीण पूर्वेस वळली ती चौदाशें किलोमीटर चालून दुसऱ्या समुद्रास मिळाली. दुसरी कड्यावरून पश्चिमेस उतरली ती शंभर-सवाशें किलोमीटरांत येथें पोंचली. षष्ठी-सप्तमीच्या सुमारास संध्याकाळीं भरती असते. तेव्हां खाडी कांठोकांठ भरते आणि तिवरांचीं झाडें गळ्यापर्यंत पाण्यांत उभीं राहतात. तींच झाडें ओहोटीस पाहिलीं तर चिखलांतून पेन्सिलींसारखीं शेंकडों टोंकें वर आलेलीं दिसतात. तीं त्यांचीं श्वास घेणारीं मुळें. चिखलांत हवा नाहीं, म्हणून मुळांनीं नाक वर काढलें. शेजारच्या कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचें बीं झाडावरच रुजतें आणि लांब शेंगेसारखें रोप होऊन मग खालीं चिखलांत पडतें. आईनें लेंकराला चालतें करून मग घराबाहेर सोडावें तसें. हिवाळ्यांत उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी ओहोटीस चिखलावर चरतात आणि भरतीस थव्यानें एका जागीं बसून पाणी उतरण्याची वाट पाहतात. तिथि त्यांना कोणी शिकविली नाहीं.

खाडी ओलांडली कीं थोड्याच अंतरावर वेळास. पुणेकरांस हें नांव परकें नसावें. नाना फडणविसांचें मूळ गांव तें हेंच. परंतु आज तें गांव ओळखलें जातें तें कासवांमुळें. ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकासवें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीं ह्या पुळणीवर येतात. मादी भरतीच्या रेघेच्या वर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळूनें झांकते आणि उजाडण्यापूर्वीं समुद्रांत निघून जाते. मागें वळून पाहात नाहीं. पूर्वीं हीं अंडीं कुत्रीं, कोल्हे आणि माणसें मिळून खात असत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेनें गांवकऱ्यांना बरोबर घेऊन तीं राखण्यास आरंभ केला. पहांटे पुळण चालून घरटीं शोधावयाचीं, अंडीं कुंपणाच्या आंत तितक्याच खोल खड्ड्यांत हलवावयाचीं, आणि पन्नासेक दिवसांनीं पिलें वर आलीं कीं सकाळ-संध्याकाळ तीं समुद्राकडे सोडावयाचीं. जीं माणसें पूर्वीं अंडीं उकरीत होतीं त्यांच्यापैकींच कांहीं पुढें तीं राखूं लागलीं. पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात, त्यांच्याच पंक्तीला बसतात. त्यामुळें कासव जगलें तर चारचौघांचा संसारही चालतो.

पिलूं तळहातावर मावेल एवढें. त्याला हातांत घेऊन पाण्यांत नेऊन सोडण्याचा मोह मोठ्या माणसांनाही आवरत नाहीं, तो आवरावा. तें पिलूं आपल्या पायांनीं वाळूवरून जें अंतर तोडतें, त्यांतच त्याला त्या किनाऱ्याची ओळख पटते असें अभ्यासक मानतात. कारण मोठी झालेली मादी बहुधा आपल्याच प्रदेशांत अंडीं घालावयास परत येते. तें उजेडाच्या दिशेनें जातें. रात्रीं समुद्राचें क्षितिज जमिनीहून उजळ असतें, म्हणून तें समुद्राकडे वळतें. परंतु किनाऱ्यावर विजेचा झगझगीत दिवा असेल, तर तें दिव्याकडे चालूं लागतें आणि मरतें. वाळू अधिक तापली तर माद्याच अधिक निपजतात, हेंही त्यांचें एक नवल. आणि उष्मा वाढत चाललेल्या काळांत तें काळजीचेंही आहे. अशा प्राण्याला आपली मोटार, आपला दिवा आणि आपलें गाणें ह्यांपैकीं कशाचीच गरज नाहीं.

समुद्राच्या मर्यादेविषयीं मघां बोललों, पण ती नेहमींची मर्यादा. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळींच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नांवाजलेली. परंतु पोफळ लावल्यापासून सुपारी धरावयास पांच-सात वर्षें लागतात. आजोबांनीं लावलेली वाडी नातवाच्या डोळ्यांदेखत गेली, आणि पुन्हां लावली ती त्याच्या पुढच्यांसाठीं. आपण ज्या घराच्या ओटीवर बसून उकडीचे मोदक खातों, त्या घरामागें हा हिशेबही असतो, हें ध्यानीं असूं द्यावें. सोलकढीच्या वाटीवरून घासाघीस करूं नये.

आणि एक विनंति. पावसाळ्यांत, मृगापासून पुढें नारळी पौर्णिमेपर्यंत, समुद्र पाहावा तो दुरूनच. इतर दिवसांतही खाडीच्या मुखाशीं ओहोटी लागलेली असतां पोहूं नये. साऱ्या खाडीचें पाणी त्या एका दारानें बाहेर पडत असतें, आणि त्याच्यापुढें पट्टीच्या पोहणाऱ्याचेंही चालत नाहीं. गांवांतल्या माणसानें "आज नको" म्हटलें, तर कारण विचारीत बसूं नये. माझ्याजवळ भूगोलाचीं पुस्तकें होतीं; त्या कोळ्याजवळ तिथि होती. मुलगा त्यानें वांचविला.

तो मुलगा आज चाळिशी उलटून गेलेला आहे. मागें भेटला तेव्हां स्वतःच्या मुलांना घेऊन त्याच वाटेनें निघाला होता. निघण्यापूर्वीं माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, चतुर्थी धरली आहे. आठ-साडेआठला ओहोटी. बरोबर ना?" मीं पाऊणकी करून पाहिली. बरोबर होती.

शेवटीं पुन्हां येरवड्याच्या नदीवर येतों. ओडिशांतील गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर, बंगालच्या उपसागराकांठीं, मार्च २०२१ मध्यें एका कासवीच्या परास क्रमांकाची पट्टी लावून तिला सोडलें होतें. तीच कासवी जानेवारी २०२५ मध्यें वेळासच्या दक्षिणेस गुहागरच्या पुळणीवर अंडीं घालतांना आढळली. सुमारें साडेतीन हजार किलोमीटर पोहून, अवघ्या दक्षिण हिंदुस्थानास वळसा घालून ती पूर्व समुद्रांतून पश्चिम समुद्रांत आली. ही बातमी वाचली त्या दिवशीं संध्याकाळीं मी बंडगार्डनच्या बाजूला फिरावयास गेलों होतों. बंधाऱ्यावरून आमचें पाणी नेहमीप्रमाणें पूर्वेकडे चाललें होतें. मनांत आलें, जें पाणी येथून पाठ फिरवून जातें त्याच्या समुद्रांतलें एक जनावर कोंकणांत येऊन पोंचलें. मग पुण्याच्या माणसाला घाट उतरून जाणें अवघड तें काय? जावें, अवश्य जावें. मात्र निघण्यापूर्वीं एकवार भिंतीकडे वळावें आणि आज तिथि कोणती, तें पाहावें.